संत जॉन बॉस्को आणि तुरीनची बेघर मुले

दरवर्षी ३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. शाळांच्या नावांमुळे ते आपल्याला परिचित आहेत. परंतु त्यांच्या कार्याचा उगम शाळेत नव्हे, तर रस्त्यावर झाला.

त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. दोन वर्षांचे होण्यापूर्वीच पित्याचे छत्र हरपले. १८४१ साली गुरुदीक्षा घेतल्यानंतर ते तुरीन शहरात आले. बांधकामावर मजुरीसाठी खेड्यांतून आलेली मुले तेथे रस्त्यावर झोपत, काही चोरीच्या मार्गाला लागत व तुरुंगात जात. सुटकेनंतर विचारपूस करणारे कोणी नसल्याने हीच मुले पुन्हा तुरुंगात येताना या तरुण धर्मगुरूने पाहिली. मग ते स्वतःच बांधकामांवर, बाजारात, चौकांत जाऊन मुलांना भेटू लागले. रविवारी जमणाऱ्या मुलांच्या गोंगाटामुळे शेजारी कंटाळत आणि जागा सोडावी लागे. अखेर १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागात एक छपरी भाड्याने मिळाली. त्याच वर्षी त्यांची आई मार्गारिटा गाव सोडून मुलाच्या मदतीस आली.

पहिला अनुभव कडू होता. रात्री आसरा दिलेली मुले सकाळी चादरी व घोंगड्या घेऊन पसार झाली! तरीही १८४७ च्या मे महिन्यात पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा दारी आला, तेव्हा मायलेकरांनी त्याला जेवू घातले आणि स्वयंपाकघरात त्याचे अंथरूण केले.

१८५४ च्या उन्हाळ्यात तुरीनमध्ये कॉलरा शिरला. वाल्दोक्कोच्या परिसराला त्याची मोठी झळ बसली. भीतीपोटी घरचे लोकही रुग्णाला टाकून पळत. डॉन बॉस्को यांनी मुलांना सेवेसाठी आवाहन केले आणि चव्वेचाळीस जण पुढे आले. काही रुग्णालयांत राहिले, काही घरोघरी जाऊन टाकलेल्या रुग्णांचा शोध घेऊ लागले, तर काही निरोप येताच निघण्यासाठी तयार राहिले. रुग्णांसाठी कपडे कमी पडले तेव्हा मार्गारिटाबाईंनी घरातील चादरी, टेबलक्लॉथ, एवढेच नव्हे तर वेदीवरील वस्त्रेही दिली.

आईबापांविना असलेल्या कोवळ्या मुलांना साथीत पाठवणे योग्य होते काय, हा प्रश्न आज कोणालाही पडेल. डॉन बॉस्को यांनी ती जबाबदारी स्वतःवर घेतली होती. मुलांनी पापापासून दूर राहावे आणि रुग्णाला स्पर्श केल्यावर व्हिनेगरने हात धुवावेत, असा त्यांचा दंडक होता. कॉलऱ्याचा जंतू तेव्हा वैद्यकशास्त्राला मान्य झाला नव्हता. त्याच वर्षी लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो हे दूषित पाण्याकडे बोट दाखवत होते. शहरात हजाराहून अधिक माणसे दगावली, मात्र या मुलांपैकी एकही कॉलऱ्याने दगावला नाही. भाविकांना यात मरियामातेची कृपा दिसते. हात धुण्याच्या शिस्तीचे मोल त्यामुळे कमी होत नाही, असे आम्हांस वाटते.

साथीने पोरकी केलेली काही मुले त्याच घरात राहावयास आली. १८५९ साली सलेशियन संस्थेची स्थापना झाली. डॉन बॉस्को १८८८ साली प्रभूघरी गेले; १९३४ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना संत घोषित केले. मुंबईत वडाळा येथे सलेशियन धर्मगुरूंनी १९८७ साली रस्त्यावरील मुलांसाठी निवारा सुरू केला.