नातलगांविना झालेले निदान

जानेवारी १९३१. अमेरिकेत मंदीचे दिवस होते. कॅलिफोर्नियात पोलिसांनी एका मेक्सिकन मजुराला ताब्यात घेतले. हाताला काम नाही, इंग्रजी येत नाही आणि माणूस गोंधळलेला. त्याची रवानगी स्टॉकटनच्या सरकारी मनोरुग्णालयात झाली. पुढची ३२ वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, तो अशा रुग्णालयांतच राहिला. हे मार्तिन रामिरेस. आज त्यांची गणना विसाव्या शतकातील मोठ्या स्वयंशिक्षित चित्रकारांत होते आणि २०१५ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्या चित्रांची तिकिटेही काढली. आपल्या सदराचा विषय मात्र त्यांचे आजारपण.

रामिरेस यांचा जन्म १८९५ मध्ये मेक्सिकोतील हालिस्को प्रांतात, शेतकरी कुटुंबात झाला. लग्न झाले, मुली झाल्या, थोडी जमीन घेतली. तिचे कर्ज फेडायचे म्हणून १९२५ मध्ये ते गरोदर पत्नी मारियाला मागे ठेवून कॅलिफोर्नियात रेल्वेच्या आणि खाणींच्या कामावर गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या मुलखात सरकार आणि चर्चचे समर्थक यांच्यात यादवी पेटली. भावाने लिहिलेल्या पत्राचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला आणि मारिया सरकारी बाजूला गेली, अशी समजूत करून घेतली. घरी परतायचे नाही, हे तेव्हाच ठरले असावे.

यातले रुग्णालयात कुणाला ठाऊक होते? आधी उन्माद-अवसाद, मग ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’, म्हणजे आजचा स्किझोफ्रेनिया, असे निदान झाले. या आजारासाठी रक्ताची चाचणी तेव्हाही नव्हती, आजही नाही. निदान होते ते रुग्णाच्या बोलण्यावरून आणि घरच्यांच्या सांगण्यावरून. झोप कधी उडाली, संशय केव्हा सुरू झाला, एकट्याशी बोलणे कधीपासून, हे नातेवाईकच सांगतात. इथे रुग्णाची भाषा कळत नव्हती आणि नातेवाईक दुसऱ्या देशात. ते बोलत नाहीत म्हणून पुढे ‘मुके’ असाही शिक्का बसला. त्यांना खरोखर स्किझोफ्रेनिया होता का, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. मला विचाराल तर, त्या कागदपत्रांवरून ते ठरवता येणार नाही. आजार असता तरी उपाय फारसा नव्हताच. स्किझोफ्रेनियावरील पहिले परिणामकारक औषध १९५०च्या दशकात आले.

अशा आजाराला मेक्सिकन कुटुंबांत अनेकदा ‘नेर्व्हिओस’ म्हणतात, शब्दशः नसांचा त्रास. ‘वेडा’ या शब्दापेक्षा तो कितीतरी मऊ. त्यामुळे माणूस घरात सामावून घेतला जातो, हा मोठाच फायदा. पण भास आणि खोट्या समजुतीही त्याच शब्दाखाली झाकल्या गेल्या, तर डॉक्टरकडे जायला उशीर होतो. म्हणून दक्षिण कॅलिफोर्नियात ‘ला क्लावे’ नावाचा उपक्रम स्पॅनिश बोलणाऱ्यांना त्यांच्याच भाषेत लक्षणे ओळखायला शिकवतो : खोट्या पण ठाम समजुती, विस्कळीत बोलणे, नसलेले दिसणे किंवा ऐकू येणे.

रामिरेस स्टॉकटनमधून काही वेळा पळाले आणि पुन्हा तिथेच आले. क्षयामुळे १९४८ मध्ये त्यांना ऑबर्नच्या डेविट रुग्णालयात हलवले. हाताला लागतील ते कागदाचे तुकडे चिकटवून ते मोठमोठी चित्रे काढत. बोगद्यांतून धावणाऱ्या आगगाड्या, घोडेस्वार, कुमारी मारिया. मागे सुटलेला मुलूख आणि रेल्वेची मजुरी, दोन्ही त्यात आहे. टार्मो पास्टो नावाच्या प्राध्यापकांनी ती ओळखली, जपली आणि प्रदर्शनांत मांडली. एरवी ती कचऱ्यात गेली असती.

१९५२ मध्ये पुतण्या भेटायला आला. ‘मुके’ रामिरेस त्याच्याशी स्पॅनिशमध्ये बोलले. गावी परतायला त्यांनी नकार दिला. मारियासाठी निरोप दिला तो आता थेट अंतिम न्यायाच्या दिवशी भेटू, अशा अर्थाचा, असे कुटुंबाच्या आठवणींत आहे. तिच्याविषयीचा तो गैरसमज तोवर कुणी दूर केला होता की नाही, कोण जाणे.

१९६३ मध्ये डेविटमध्येच त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर काही दशकांनी अभ्यासक त्यांची हकीकत शोधत हालिस्कोत पोहोचले. तोवर चित्रांना मोठ्या किमती येऊ लागल्या होत्या. घरच्यांना त्यातले काहीच माहीत नव्हते.