खाशाबा जाधव : पदक जिंकलं, ऋणही फेडलं

विद्यार्थी मित्रांनो, स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिलं, माहीत आहे ना? पैलवान खाशाबा दादासाहेब जाधव यांनी!

कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. कुस्तीचे पहिले धडे वडिलांनीच दिले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे खाशाबा सहावे आले.

१९५२ साली हेलसिंकीला जायचं, तर पुन्हा पैशांची अडचण. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तरी पैसे पुरेनात. तेव्हा प्राचार्य खर्डेकर सरांनी चक्क स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं!

परत आल्यावर बैलगाड्या जुंपून त्यांची जंगी मिरवणूक निघाली. पण सरांचं घर गहाण आहे, हे ते विसरले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून ते घर सोडवलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी त्यांचं निधन झालं.

मुलांनो, तुमच्या शिक्षणासाठी कोणी काय काय बाजूला ठेवलंय, ते आज घरी नक्की विचारा.