शितावरून भाताची परीक्षा : प्रशांतचंद्र महालनोबीस



चुलीवर भात रटरटत असतो. आई झाकण काढते, भात खालवर हलवते आणि एक शीत बोटात दाबून बघते. लगेच सांगते, झाला भात. सगळे पातेले काही ती चाखत बसत नाही. पण एक गोष्ट तुम्ही नीट बघितलीत का? ती आधी भात हलवते! वरवरचे शीत उचलले तर ते कच्चे निघायचे आणि खालचा भात मात्र करपायला लागलेला असायचा.

एवढ्याशा गोष्टीचे केवढे मोठे शास्त्र आहे! त्याला संख्याशास्त्र म्हणतात. ते शास्त्र आपल्या देशात ज्यांनी रुजवले, त्या प्रशांतचंद्र महालनोबीस यांची ही गोष्ट.

प्रशांतचंद्रांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कलकत्त्यास, म्हणजे आजच्या कोलकात्यात झाला. घरात ब्राह्मो समाजाचे सुधारक वातावरण होते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ते १९१२ साली पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाले. पुढच्याच वर्षी ते शिकण्यासाठी विलायतेला गेले. जायचे होते लंडनच्या विद्यापीठात. एक दिवस सहज केंब्रिज बघायला गेले. तिथले किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर बघता बघता इतके रमले की परतीची गाडी चुकली! मुक्काम पडला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच कॉलेजात नाव घातले. गाडी चुकली म्हणून आपण कपाळाला हात लावतो. त्यांचे मात्र भाग्य उघडले.

केंब्रिजला त्यांना एक मित्र भेटला. तो म्हणजे थोर गणिती रामानुजन. रामानुजन थंडीने कुडकुडत झोपायचे, कारण तिथले पांघरूण गादीखाली खोचलेले असते, त्याच्या आत शिरून झोपायचे असते, हे त्यांना ठाऊकच नव्हते. प्रशांतचंद्रांनी ते दाखवून दिले. मोठी माणसेसुद्धा अशी अडतात बरं का!

१९१५ साली मायदेशी निघायच्या वेळी महायुद्ध चालू होते. बोट सुटायला उशीर होता. तेव्हा त्यांच्या एका शिक्षकांनी त्यांना बायोमेट्रिका नावाचे नियतकालिक दाखवले. त्यात माणसांची, प्राण्यांची मापे आणि त्यांची गणिते होती. प्रशांतचंद्रांना ते इतके आवडले की त्यांनी सगळे अंक विकत घेतले आणि बोटीवर वाचायला सुरुवात केली. कलकत्त्याला आल्यावर ते प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले, पण मन आकड्यांतच गुंतले होते. कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षांचे निकाल तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले, ते त्यांनी आवडीने केले. १९२० साली आपल्या नागपूरला विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले होते. तिथे प्राणिशास्त्र खात्याचे प्रमुख ॲनँडेल यांची गाठ पडली. त्यांनी माणसांच्या मापांची एक मोठी चळत अभ्यासाला दिली. प्रशांतचंद्रांचा पहिला मोठा संख्याशास्त्रीय निबंध त्यातूनच झाला.

आता त्यांच्या कामाने लोकांचे काय भले झाले ते बघा.

ओरिसात १९२६ साली ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. घरेदारे गेली, पिके गेली. इंजिनियर लोकांना वाटले की नदीचे पात्र गाळाने वर आले आहे, तेव्हा काठचे बांध आणखी उंच केले पाहिजेत. एखाद्याने मान डोलावली असती. पण प्रशांतचंद्रांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी गोळा केल्या. पाऊस किती, पाणी किती चढले, सगळे मांडून बघितले. तेव्हा कळले की पात्र वर आलेलेच नाही! वरच्या डोंगराळ भागात पाऊस जास्त झाला म्हणून पूर आला होता. रोगाचे कारण चुकले तर औषधही चुकते आणि पैसा पाण्यात जातो. इथे तर तो खरोखरच पाण्यात गेला असता.

१९३१ सालच्या डिसेंबरात त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था काढली. जागा काय, तर कॉलेजातली खोली! पहिल्या वर्षाचा खर्च अडीचशे रुपयांच्या आत होता. १९३३ साली त्यांनी संख्या नावाचे नियतकालिक सुरू केले. पुढे १९५९ साली संसदेने कायदा करून या संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले.

त्यांचे सर्वात गाजलेले काम म्हणजे बंगालमधली तागाची पाहणी. ताग किती पिकणार, हे सरकारला आणि व्यापाऱ्यांना आधी कळायला हवे असे. एक मार्ग होता सगळी शेते मोजण्याचा. त्याला हजारो माणसे आणि सुमारे ८२ लाख रुपये लागले. प्रशांतचंद्रांनी दुसरा मार्ग काढला. नकाशावर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी जागा निवडायची. रस्त्याकडेचे सोयीचे शेत नाही, ओळखीच्याचे नाही, चिठ्ठीत आले तेच. तेवढीच शेते नीट बघायची. याला खर्च आला सुमारे ८ लाख. मग खरे कोण ठरले? बाजारात आणि बंदरावर प्रत्यक्ष मोजला गेलेला ताग सुमारे ७५ लाख गाठी होता. नमुन्यावरून काढलेला अंदाजही ७५ लाखांच्या आसपास आला. आणि सगळी शेते मोजून आलेला आकडा होता ६३ लाख!

असे कसे झाले? काम अफाट, माणसे घाईची, शिकवलेली कमी. त्यांच्या चुका पकडायला कोणी नाही. थोडे पण काळजीपूर्वक केलेले काम जास्त खरे निघाले. शिवाय प्रशांतचंद्रांनी एक युक्ती केली होती. एकाच भागात दोन वेगळ्या तुकड्या पाठवायच्या. दोघांचे नमुने वेगळे, एकीला दुसरीचे आकडे ठाऊक नसायचे. दोघांचे आकडे फार वेगळे आले की समजायचे, कुठेतरी गडबड आहे. मोठे काम धरण्याआधी छोटी पाहणी करून चुका काढायच्या, हीसुद्धा त्यांची शिस्त.

आता आपल्या मातीतली गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पांडुरंग सुखात्मे हेही मोठे संख्याशास्त्रज्ञ. उभ्या पिकाचा अंदाज काढायला शेतातला केवढा तुकडा कापावा, यावर त्यांचा आणि महालनोबीसांचा वाद झाला. महालनोबीस शिकवून तयार केलेल्या माणसांकडून छोटी छोटी वर्तुळे कापून घेत. सुखात्म्यांचे म्हणणे होते की तुकडा मोठा हवा. तुकडा छोटा असला की कडेची ताटे आत धरली जातात आणि पीक उगाच जास्त दिसते. दोघेही मोठे, पण वाद शेतात जाऊन, कापून, तोलून झाला. आज आपल्या गावात तलाठी आणि कृषी सहायक पीक कापणी प्रयोग करतात, तो या कामाचाच वारसा. त्या आकड्यावर विम्याचे पैसे ठरतात. तो चुकला तर घरोघरी चूल थंड पडते.

१९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समितीचे ते अध्यक्ष झाले. पुण्याचे धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. १९५० साली त्यांच्या प्रयत्नाने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. माणसे गावोगाव फिरून लोक काय खातात, काय कमावतात हे विचारू लागली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडाही त्यांचाच. त्यात मोठ्या कारखान्यांवर भर होता. शेतीकडे लक्ष कमी पडले, अशी टीकाही झाली. १९६८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २८ जून १९७२ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते वारले. २००७ सालापासून २९ जून हा दिवस सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

मित्रांनो, यातून आपण काय घ्यायचे? गुरुजींनी गणित समजले का विचारले आणि फक्त पहिल्या बाकाने हो म्हटले, तर वर्गाला समजले असे होत नाही. मागच्या बाकालाही विचारले पाहिजे. तिथे बसणाऱ्याने खरे सांगितले पाहिजे. आणि आईबाबांनो, घरी कोणी पाहणीला आले, तर जमीन किती, मुले किती शिकली, हे खरे सांगा. तुमचे घर म्हणजे चिठ्ठीत आलेले एक शीत आहे. तुमच्यासारख्या कितीतरी घरांची परीक्षा त्या एका शितावरून होणार आहे.

— इयत्ता सातवी