विश्लेषण : सलग सहा वेळा जगज्जेती, दोनदा खेळाबाहेर... कोण होत्या अँजेलिका रोझेआनू?

जागतिक टेबल टेनिस स्पर्धेतील महिला एकेरीचे विजेतेपद १९५५ नंतर एकदाही आशियाबाहेर गेलेले नाही. जपान, चीन आणि कोरियाच्या खेळाडूंनीच ते आपसात वाटून घेतले आहे. या मक्तेदारीच्या आधीची शेवटची विजेती होती रोमानियाची अँजेलिका रोझेआनू. त्यांनी १९५० ते १९५५ अशी सलग सहा वर्षे हे विजेतेपद राखले. या सहापैकी एक विजेतेपद त्यांनी मुंबईत मिळवले होते. विक्रमांच्या यादीत त्यांचे नाव आजही सर्वात वर आहे. मात्र या यादीत दिसत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. ज्यू असल्यामुळे त्यांना एकदा खेळण्यासाठी सभागृहात पाऊल ठेवण्यासही मनाई झाली आणि १७ जागतिक सुवर्णपदके मिळवून दिल्यानंतर त्याच देशाने त्यांना पुन्हा बाजूला सारले.

सुरुवात कशी झाली?

अँजेलिका अडेलस्टाइन यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९२१ रोजी बुखारेस्टमधील एका ज्यू कुटुंबात झाला. लहानपणी त्यांना स्कार्लेट फिव्हर झाला होता. आजारातून उठल्यावर घरातच अडकून पडलेल्या बहिणीसाठी मोठ्या भावाने पिंगपाँगचा संच आणला आणि जेवणाच्या टेबलावर जाळी लावून खेळ सुरू झाला. वयाच्या बाराव्या वर्षी त्यांनी रोमानियन कप जिंकला. १९३६ मध्ये त्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या आणि बंदीची वर्षे वगळता १९५७ पर्यंत हे विजेतेपद त्यांच्याकडेच राहिले. १९३८ मध्ये हंगेरियन ओपन जिंकून त्यांनी युरोपातही नाव केले. हंगेरी हे त्या काळी टेबल टेनिसचे माहेरघर होते. त्यामुळे आजच्या भाषेत सांगायचे तर हे चीनमध्ये जाऊन चायना ओपन जिंकण्यासारखे होते.

तेव्हाचे टेबल टेनिस कसे होते?

आजच्या प्रेक्षकाला तो खेळ ओळखूही येणार नाही. बॅटवर फक्त दाणेदार रबराचा पातळ थर असे, त्याखाली स्पंज नसे. या बॅटने चेंडूला फारसा वेग किंवा फिरकी देता येत नसे. त्यामुळे बचाव करणे सोपे आणि गुण मिळवणे अवघड होते. त्यात जाळीही आजच्यापेक्षा उंच होती.

१९३६ च्या प्राग येथील जागतिक स्पर्धेत पोलंडचा आलोयझी एर्लिख आणि रोमानियाचा फार्कास पानेथ यांच्यातील पहिला गुण दोन तासांहून अधिक काळ चालला. पुढच्याच वर्षी बाडेनमध्ये महिला एकेरीची अंतिम लढत वेळेच्या मर्यादेत संपली नाही, म्हणून विजेतेपद कोणालाच देण्यात आले नाही. अमेरिकेची रूथ आरन्स आणि ऑस्ट्रियाची ट्रुडे प्रित्झी यांना संयुक्त विजेत्या ठरवायला आंतरराष्ट्रीय संघटनेने २००१ साल उजाडू दिले! या प्रकारांनंतर जाळीची उंची पावणेसात इंचांवरून सहा इंचांवर, म्हणजे आजच्या १५.२५ सेंटिमीटरवर आणण्यात आली. रोझेआनू यांची पिढी खेळाच्या या बदलत्या काळात घडली.

पहिली बंदी कशी आली?

१९४० मध्ये रोमानियात ज्यूंविरोधी कायदे लागू झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इयॉन अँतोनेस्कू यांची हुकूमशाही आली. ज्यूंच्या नोकऱ्या, मालमत्ता, शिक्षण यांवर घाला पडला आणि क्रीडा सभागृहांचे दरवाजेही बंद झाले. राष्ट्रीय विजेती असलेली १९ वर्षांची खेळाडू टेबलाजवळही जाऊ शकत नव्हती. ऑगस्ट १९४४ मध्ये अँतोनेस्कू यांची सत्ता कोसळेपर्यंत ही स्थिती कायम राहिली.

बंदीमुळे त्यांची अनेक जागतिक विजेतेपदे हुकली, असे अनेकदा लिहिले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. महायुद्धामुळे १९४० ते १९४६ या काळात जागतिक स्पर्धा झाल्याच नाहीत, त्यामुळे त्या कोणालाच मिळाल्या नाहीत. रोझेआनू यांचे नुकसान वेगळे होते. १९ ते २३ हे खेळाडू घडण्याचे वय त्यांनी सरावाशिवाय घालवले. इतरांच्या वाट्याला तर याहून भयंकर आले. चेकोस्लोव्हाकियाची जगज्जेती गर्ट्रूड क्लाइनोव्हा आणि वर उल्लेख केलेला एर्लिख यांना आउशवित्झला नेण्यात आले. दोघेही वाचले, पण तेव्हाच्या युरोपीय टेबल टेनिसमध्ये ज्यू खेळाडूंचा वाटा किती मोठा होता आणि युद्धाने त्यातले किती हिरावून नेले, याचा अंदाज या दोन नावांवरून यावा.

पहिले जागतिक विजेतेपद कधी मिळाले?

युद्धानंतर त्या विवाहानंतरच्या रोझेआनू या आडनावाने पुन्हा खेळू लागल्या. काही काळ त्यांनी ‘रोमानिया लिबेरा’ या दैनिकासाठी क्रीडा वार्तांकनही केले. १९५० ची जागतिक स्पर्धा बुडापेस्टमध्ये होती. हंगेरीची गिझी फार्कास १९४७, १९४८ आणि १९४९ अशी सलग तीन वेळा विजेती होती आणि आता घरच्या प्रेक्षकांसमोर चौथ्यांदा जिंकायला उतरली होती. अंतिम लढतीत रोझेआनू यांनी तिला हरवले. तेव्हा त्या २८ वर्षांच्या होत्या. कोणत्याही खेळात जागतिक विजेतेपद मिळवणारी पहिली रोमानियन महिला म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले. त्याच स्पर्धेत सांघिक गटाचा कॉर्बिलॉन चषकही रोमानियाला मिळाला.

त्यानंतर १९५१ मध्ये व्हिएन्ना, १९५२ मध्ये मुंबई आणि १९५३ मध्ये बुखारेस्ट येथे अंतिम फेरीत समोर पुन्हा फार्कासच होती आणि प्रत्येक वेळी निकालही तोच लागला. गंमत म्हणजे १९५३ मध्ये या दोघींनी एकत्र खेळून महिला दुहेरीचे सुवर्णपदक पटकावले. एकीच्या चार पराभवांना कारणीभूत असलेली दुसरी तिच्याच शेजारी उभी राहून खेळली. आज दोन वेगळ्या देशांच्या खेळाडूंची अशी जोडी नवलाची वाटेल, तेव्हा ती सर्रास जमत असे. रोझेआनू यांची मिश्र दुहेरीतील तिन्ही सुवर्णपदके परदेशी जोडीदारांबरोबरची आहेत. १९५१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा बोहुमिल वाना आणि पुढील दोन वर्षे हंगेरीचा फेरेन्क सिडो त्यांच्या साथीला होता.

मुंबईत नेमके काय घडले?

१ ते १० फेब्रुवारी १९५२ दरम्यान मुंबईत झालेली जागतिक स्पर्धा ही आशियातील पहिलीच होती. टेबल टेनिसच्या इतिहासाचे दोन भाग करायचे तर रेघ मुंबईत ओढावी लागते. जपानचा संघ प्रथमच जागतिक स्पर्धेत उतरला होता आणि त्यांच्या हिरोजी सातो याच्या हातातील बॅटवर स्पंजचा जाड थर होता.

स्पंजमुळे काय फरक पडतो? साध्या रबरावर चेंडू आदळताच लगेच परत उडतो. स्पंजमध्ये तो क्षणभर रुततो, स्पंज दाबला जातो आणि मग चेंडूला गलोलीसारखा बाहेर फेकतो. हा संपर्काचा वेळ मिलिसेकंदात मोजावा इतका लहान असला, तरी वेग आणि फिरकी दोन्ही वाढवायला पुरेसा असतो. दुसरा फरक आवाजाचा. दाणेदार रबराचा ‘टक’ असा स्पष्ट आवाज ऐकून अनुभवी खेळाडू समोरच्याचा फटका ओळखत. स्पंजने हा आवाजच गिळून टाकला. युरोपच्या नामवंत खेळाडूंना चेंडू कधी आणि किती वेगाने येतोय हेच कळेना. सातोने हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून पुरुष एकेरी जिंकली.

मुंबईत एकूण सात विजेतेपदे पणाला होती. पुरुष एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि महिला सांघिक अशी चार जपानने नेली. पुरुष सांघिक हंगेरीकडे गेले. उरलेल्या दोन्ही, महिला एकेरी आणि मिश्र दुहेरी, विजेतेपदांवर रोझेआनू यांचे नाव लागले. दोन वर्षे रोमानियाकडे असलेला कॉर्बिलॉन चषक मात्र जपानने हिसकावून घेतला. म्हणजे वादळ आले त्याच आठवड्यात त्या त्याच्यासमोर उभ्या होत्या आणि एकेरीत तरी जागच्या हलल्या नाहीत. या विजेतेपदाचे मोल इतर पाचांपेक्षा अधिक मानायला हवे.

भारतीय महिला टेबल टेनिससाठीही ते वर्ष महत्त्वाचे ठरले. त्याच वर्षी सिंगापूरच्या आशियाई स्पर्धेत गुल नासिकवाला यांनी महिला एकेरी जिंकली.

सहा विजेतेपदांची तुलना आजच्याशी होऊ शकते का?

सरळसरळ नाही. तेव्हा जागतिक स्पर्धा दरवर्षी होत असे. १९५७ नंतर ती एक वर्षाआड होऊ लागली. आज एखाद्या खेळाडूला एकेरीची सलग सहा विजेतेपदे मिळवायची तर पहिल्यापासून सहाव्यापर्यंत दहा वर्षे अपराजित राहावे लागेल. चीनची वांग नान १९९९, २००१ आणि २००३ अशी सलग तीन वेळा जिंकली, तेच मोठे मानले गेले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९५३ मध्ये घरच्या बुखारेस्टमध्ये रोझेआनू यांनी एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी आणि सांघिक अशी चार सुवर्णपदके जिंकली, पण त्या स्पर्धेत जपान नव्हता. चीन त्याच स्पर्धेत पहिल्यांदा उतरला आणि अजून शिकाऊच होता. तरीही जपानी खेळाडू नसल्यानेच त्या जिंकल्या असे म्हणता येत नाही. १९५४ मध्ये लंडनच्या वेम्बलीत जपान पूर्ण ताकदीने परतला, तेव्हा अंतिम लढतीत त्यांनी योशिको तानाका या जपानी खेळाडूलाच हरवले. १९५५ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे ऑस्ट्रियाच्या लिंडे वर्टलला हरवून सहावे विजेतेपद घेतले. तेव्हा त्या ३३ वर्षांच्या होत्या.

१९५६ मध्ये टोकियोत ही साखळी तुटली आणि एकेरीचे विजेतेपद जपानच्या टोमी ओकावाकडे गेले. पण त्याच टोकियोत रोझेआनू यांनी एला झेलरच्या साथीने दुहेरी जिंकली, शिवाय रोमानियाला सांघिक सुवर्णही मिळाले. एकेरीत सहा, सांघिक पाच, दुहेरीत तीन आणि मिश्र दुहेरीत तीन असा हा १७ सुवर्णपदकांचा हिशेब आहे. यात ऑलिम्पिक पदक नाही, कारण टेबल टेनिस ऑलिम्पिकमध्ये आले तेच मुळी १९८८ मध्ये.

मग देश का सोडावा लागला?

साम्यवादी रोमानियाला जगापुढे मिरवायला विजेते हवे होते. रोझेआनू यांना ‘मेरिटेड मास्टर ऑफ स्पोर्ट’ ही पदवी देण्यात आली, बुखारेस्टच्या नगर परिषदेवर प्रतिनिधी म्हणून घेण्यात आले. सामान्य रोमानियन नागरिकाला परदेशी जाणे जवळपास अशक्य होते, त्या काळात त्या जगभर फिरत होत्या. पण हे सारे सत्तेच्या मर्जीवर होते. १९५७ च्या सुमारास टेबल टेनिस संघटनेचे नेतृत्व बदलले आणि ज्यूंना बाजूला काढण्याची मोहीम सुरू झाली. रोझेआनू यांनाही त्यातून सूट मिळाली नाही.

या वेळी १९४० सारखा कायदा नव्हता. कोणत्याही फलकावर ज्यूंना प्रवेश नाही असे लिहिलेले नव्हते. संघनिवड, परदेश दौऱ्याची परवानगी, पदांवरील नेमणुका अशा कागदी गोष्टींतून माणूस बाहेर काढता येत होता. ३५ व्या वर्षाकडे झुकलेल्या खेळाडूच्या बाबतीत तर वयाचे कारणही हाताशी होते. त्यामुळे त्यांची कारकीर्द वयाने संपली की संघटनेने संपवली, हा प्रश्न सोयीस्करपणे धूसर राहिला. एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. टोकियोत दोन सुवर्णपदके जिंकलेली खेळाडू एका वर्षात निरुपयोगी ठरत नाही.

पुढे काय झाले?

१९६० मध्ये रोझेआनू इस्रायलला स्थलांतरित झाल्या. १९६१ च्या मकाबिया स्पर्धेत, म्हणजे जगभरातील ज्यू खेळाडूंच्या क्रीडामहोत्सवात, त्यांनी टेबल टेनिसचे विजेतेपद मिळवले. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठत आणली होती. नंतर हैफा शहरात त्यांनी इतर चारचौघांसारखी नोकरी केली. १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय ज्यू क्रीडा हॉल ऑफ फेममध्ये आणि पुढे आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाच्या हॉल ऑफ फेममध्येही त्यांचा समावेश झाला. १९९७ मध्ये हैफा शहराने त्यांना मानाचे नागरिकत्व दिले. फेब्रुवारी २००६ मध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी हैफातच त्यांचे निधन झाले. उट्रेख्टमधील त्यांच्या विजयाला तेव्हा ५१ वर्षे होत आली होती आणि युरोपातील एकाही महिलेला त्यानंतर जागतिक एकेरीचे विजेतेपद मिळाले नव्हते. ते अजूनही मिळालेले नाही.