पडक्या महालांचा नोंदकार : गुलाम याझदानी

बिदरच्या जुन्या शहरात महमूद गवानाचा मदरसा उभा आहे. त्याच्या दर्शनी भिंतीच्या दोन टोकांना एकेकाळी दोन मिनार होते; आज एकच उरला आहे. सुमारे १३१ फूट उंचीच्या या मिनारावर आणि शेजारच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या झिलईदार फरशांचे तुकडे अजून चमकतात. तीनमजली विद्यालय, मधोमध प्रशस्त चौक आणि सुमारे तीन हजार ग्रंथांचे ग्रंथालय असा या वास्तूचा लौकिक होता. १६५७ मध्ये औरंगजेबाने बिदर जिंकल्यानंतर तिच्या दालनांत सैनिक राहू लागले आणि काही भागात दारूगोळा साठवला गेला. १६९६ मध्ये वीज पडून हा साठा पेटला, असे सांगितले जाते. त्या स्फोटात दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि दुसरा मिनार नाहीसा झाला.

हे वर्णन वाचताना गोमंतकीय वाचकाला जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिनचा मनोरा आठवल्याशिवाय राहणार नाही. तेथेही ओस पडलेल्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा खाली आला आणि उरलेला मनोरा एकाकी उभा राहिला. दोन्ही स्थळांना जोडणारा धागा त्याहूनही जुना आहे. ज्या १४७२ साली बिदरचा मदरसा पूर्ण झाला, त्याच साली बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने विजयनगरकडून गोवा जिंकून घेतला होता. बनावट पत्राच्या आधारे १४८१ मध्ये त्याला देहदंड झाला, पुढे राज्यही विस्कटले आणि त्याचे विद्यालय अखेर पडके झाले. या पडक्या इमारतीची आणि तिच्यासारख्या कितीतरी वास्तूंची मोजमापे, शिलालेख आणि छायाचित्रे ज्यांनी तीन दशके चिकाटीने गोळा केली, त्या विद्वानाचे नाव गुलाम याझदानी.

याझदानींचा जन्म २२ मार्च १८८५ रोजी दिल्लीत झाला. मोगल राजधानीच्या अवशेषांमध्येच त्यांचे बालपण गेले. सेंट स्टीफन्स महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्यांनी फारसी आणि अरबी भाषांवर प्रभुत्व मिळवले आणि काही काळ अध्यापन केले. पुराणवास्तूंच्या जगात त्यांनी प्रवेश केला तो या भाषांच्या दारातून. अरबी-फारसी शिलालेखांना वाहिलेल्या सरकारी नियतकालिकाचे संपादन १९१३ च्या सुमारास त्यांच्याकडे आले आणि पुढे पाव शतकाहून अधिक काळ त्यांनी ते सांभाळले. दगडावरील अक्षर वाचण्याची ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली. एखादी इमारत कोणी, केव्हा आणि कशासाठी बांधली, हे ठरवताना लोकांत रूढ असलेल्या कथेआधी ते त्या इमारतीच्या भिंतीकडे पाहत.

१९१४ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत हैदराबाद संस्थानाचा पुरातत्त्व विभाग स्थापन झाला आणि त्याची सूत्रे अवघ्या २९ वर्षांच्या याझदानींच्या हाती आली. तेलंगणातील रामप्पा मंदिर, मराठवाड्यातील अजिंठा, वेरूळ आणि दौलताबाद, कन्नड मुलखातील कलबुर्गी आणि बिदर हे सारे त्यांच्या अधिकारक्षेत्रात आले. तेलुगू, मराठी आणि कन्नड या तीन भाषांचा प्रदेश, त्यातील बौद्ध, जैन, हिंदू आणि इस्लामी वास्तू आणि त्यांची जबाबदारी वाहणारा नवखा विभाग असे ते चित्र होते.

बिदरची पाहणी त्यांच्यापूर्वीही झाली होती. जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ मध्ये बिदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांचा दौरा केला आणि १८७८ मध्ये त्याचा अहवाल छापला. मात्र एका दौऱ्यात एवढ्या मोठ्या शहराची समग्र नोंद होणे शक्य नव्हते. बिदरच्या किल्ल्यातील राजवाडे तेव्हा ढिगाऱ्यांनी आणि झाडोऱ्याने व्यापलेले होते. निवासी राजघराणे गेल्यानंतर अशा वाड्याचे जे होते, तेच तेथे झाले होते. छताचे लाकूड गेले, छत गेल्यावर पावसाचे पाणी भिंतींत मुरले आणि पडलेल्या चुन्याविटांखाली मूळ जमीन दिसेनाशी झाली.

याझदानी बिदरला वारंवार जात राहिले. १९१७ मध्ये त्यांनी तेथील प्राचीन वास्तूंवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. मोठा ग्रंथ यायला आणखी ३० वर्षे लागली. या मधल्या काळात त्यांच्या विभागाने केलेल्या कामात घाईला स्थान नव्हते. ढिगारा उपसायचा, उघड्या पडलेल्या भिंतींचा आराखडा मोजून काढायचा, शिलालेखावर ओला कागद ब्रशने ठोकून त्याचा शाईचा ठसा घ्यायचा आणि छायाचित्रे काढायची, असा तो क्रम होता. तो जमाना तिपाईवरच्या अवजड कॅमेऱ्याचा आणि काचेच्या प्लेटांचा होता. प्रत्येक प्लेट जपून न्यावी लागे आणि काळोख्या दालनात चित्र उमटण्यासाठी बराच वेळ थांबावे लागे. विभागाच्या वार्षिक अहवालांत केलेल्या दुरुस्त्यांबरोबर नव्या छायाचित्रांच्या आणि आराखड्यांच्या याद्याही छापल्या जात. ज्या खात्याचे मुख्य काम दुरुस्ती समजले जाई, तेथे नोंदीला मिळालेला हा मान लक्षणीय होता.

या पद्धतीची फळे किल्ल्यात ठायीठायी दिसतात. जाळी महाल म्हणून ओळखली जाणारी इमारत दिवाण-इ-आम, म्हणजे दरबाराचे सभागृह, असल्याचे मानले गेले. तेथील लाकडी खांब केव्हाच नष्ट झाले होते. परंतु खांबांखालच्या दगडी बैठका जागेवर होत्या आणि त्यांच्या ओळींवरून सभागृहाची मांडणी उमगत होती. तख्त महालाच्या कमानीवरील फरशांत वाघ आणि त्याच्या पाठीमागे उगवता सूर्य असे चिन्ह आढळते. रंगीन महालात काळ्या दगडात बसवलेले शिंपल्यांचे नक्षीकाम आणि कोरीव लाकडी खांब बरीदशाही काळातील ऐश्वर्याची खूण सांगतात. सोळा खांबांच्या मशिदीतील शिलालेख हिजरी ८२७, म्हणजे इ. स. १४२३-२४ सालचा आहे. अहमदशहा बहमनीने कलबुर्गीहून राजधानी बिदरला हलवली त्याची तारीख इतिहासकारांमध्ये वादाची आहे. पण त्या सुमारास बिदरच्या किल्ल्यात एवढे मोठे बांधकाम होत होते, हे या लेखामुळे निश्चित कळते.

किल्ल्यातील ओसाड जागा पूर्णपणे निरुपयोगी मात्र कधीच नव्हत्या. बिदरी भांड्यांना गडद काळा रंग चढवण्यासाठी कारागीर किल्ल्याच्या जुन्या भागातील माती वापरतात. ऊनपावसापासून दूर राहिलेली माती या कामी उत्तम मानली जाते. ज्या दालनांतून राजे निघून गेले, त्यांच्याच मातीवर शहरातील एक हस्तव्यवसाय तग धरून राहिला.

बिदरपासून थोड्या अंतरावर अष्टूर येथे बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांतील हुमायूनशहाच्या कबरीवर वीज पडली आणि घुमट दुभंगला. उरलेला अर्धा घुमट कापलेल्या फळासारखा उभा असून भिंतीची जाडी आणि कमानींची बांधणी त्यात आतून दिसते. शेजारी अहमदशहा वलीची कबर आहे. तिच्या आतील भिंतींवर आणि घुमटावर सोन्याच्या, शेंदरी आणि निळ्या रंगांतील चित्रकाम व सुलेखन आहे. या कबरीवर दरवर्षी भरणाऱ्या उरुसात कलबुर्गी जिल्ह्यातील माडियाळ गावच्या लिंगायत जंगमांना अग्रमान असतो; सुलतानाला येथे हिंदू आणि मुसलमान दोघेही संत मानतात. याझदानींच्या बिदरविषयक अभ्यासात अशा परंपरेलाही जागा मिळाली. मोजमाप घेताना त्या वास्तूभोवती अजून जिवंत असलेला लोकाचार त्यांनी वगळला नाही.

राजधानी हलल्यावर मागे पडलेल्या कलबुर्गीकडेही त्यांचे लक्ष होते. तेथील किल्ल्यातील जामा मशीद १३६७ सालची आहे. सुमारे २१६ फूट लांब आणि १७६ फूट रुंद असलेल्या या मशिदीत नेहमीचा मोकळा चौक नाही. संपूर्ण क्षेत्र लहान-मोठ्या घुमटांनी झाकलेले आहे. भारतात असा प्रकार विरळाच. याझदानींनी १९२८ मध्ये या मशिदीवर स्वतंत्र लेख लिहिला. मध्य भारतातील मांडूच्या निर्जन राजवाड्यांवरील त्यांचे पुस्तक १९२९ मध्ये निघाले. त्याआधी १९२२ मध्ये त्यांनी पालमपेटच्या मंदिरांवर प्रबंध लिहिला होता. त्यातील रामप्पा मंदिर २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरले.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत कठीण धडा मात्र अजिंठ्याने दिला. तेथील भित्तिचित्रांचे रंग पोपडे होऊन गळत होते. ते वाचवण्यासाठी १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. त्यांनी सुटलेले पापुद्रे भिंतीला पक्के केले, ही त्यांची मोठी कामगिरी होय. परंतु चित्रांवर त्यांनी लाखेचे रोगणही चढवले. काही वर्षांनी ते पिवळे आणि काळपट पडले, त्यावर धूळ बसली आणि पुढच्या पिढ्यांतील रसायनतज्ज्ञांना ते उतरवण्यासाठी दीर्घकाळ खपावे लागले. हेतू चांगला होता, त्या काळचे उत्तम ज्ञानही हाताशी होते, तरीही इलाजानेच इजा झाली. दुसरीकडे, याझदानींच्या देखरेखीखाली ई. एल. वॅसी यांनी अजिंठ्याची जी छायाचित्रे टिपली, त्यांनी कोणत्याही भिंतीला धक्का लावला नाही. त्यांच्या आधारे १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्याचे चार खंड प्रसिद्ध झाले आणि त्या वेळी चित्रे कशी दिसत होती याची साक्ष कायम राहिली.

भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये संवर्धनाची जी नियमावली प्रसिद्ध केली, तिचे सूत्र हेच होते. आहे ते जपावे, गेलेले कल्पनेने पुन्हा उभारू नये. बिदरच्या मदरशाचा दुसरा मिनार म्हणूनच कोणी नव्याने बांधला नाही. उरलेल्या मिनाराच्या धर्तीवर तसे करणे अवघड नव्हते. पण मग १६९६ चा स्फोट त्या इमारतीच्या अंगावरून पुसला गेला असता.

याझदानी १९४३ मध्ये निवृत्त झाले. बिदरचा इतिहास आणि तेथील वास्तू यांवरील त्यांचा बृहद्ग्रंथ निजाम सरकारसाठी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९४७ मध्ये प्रकाशित केला. तट, खंदक, दरवाजे, महाल, मशिदी आणि कबरी यांची क्रमवार वर्णने, आराखडे आणि विपुल छायाचित्रे त्यात आहेत. ज्या संस्थानाने हे काम करवून घेतले, ते त्याच्या पुढच्याच वर्षी भारतात विलीन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बिदर आणि कलबुर्गी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. संस्थान तीन राज्यांत वाटले गेले. त्याच्या पुरातत्त्व विभागाने तयार केलेली कागदपत्रे मात्र या तिन्ही राज्यांतील अभ्यासकांना आजही लागतात.

१९५९ मध्ये भारत सरकारने याझदानींना पद्मभूषण देऊन गौरवले. दख्खनच्या प्राचीन इतिहासाचा त्यांनी संपादित केलेला ग्रंथ १९६० मध्ये आला. १३ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

बिदर आणि कलबुर्गीच्या वास्तू दख्खनी सल्तनतींच्या इतर स्मारकांसह २०१४ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाल्या. आता तेथे हौशी छायाचित्रकारांची वर्दळ असते. खिशातल्या फोनने क्षणात टिपलेल्या त्यांच्या चित्रांत मदरशाचा एकटा मिनार हमखास असतो. त्या मिनारावरील फरशांचा एखादा तुकडा नव्याने गळाला आहे की तो पूर्वीच गेला होता, असा प्रश्न उद्भवला की मात्र याझदानींच्या ग्रंथातले जुने छायाचित्र उघडून शेजारी ठेवावे लागते.