महात्मा फुले आणि अमेरिकेहून आलेला एक विचार

सुरतेतील मराठी घरांत महात्मा जोतीराव फुले यांचे नाव ठाऊक नाही असे कोणी सापडणार नाही. मुलींची शाळा, सावित्रीबाई, सत्यशोधक समाज एवढे आपण सर्वच जाणतो. त्यांच्या विचारांचा एक धागा मात्र थेट अमेरिकेपर्यंत जातो. त्याविषयी कमी बोलले जाते, म्हणून आज आम्ही तो सांगत आहोत.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्याचा. आई चिमणाबाई त्यांच्या बालपणीच वारल्या. शाळा मध्येच सुटली, पण गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी वडिलांची, गोविंदरावांची, समजूत घातली आणि १८४१ साली ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. शिक्षण संपत आले असता थॉमस पेन यांचे माणसाच्या हक्कांवरील पुस्तक त्यांच्या हाती पडले.

पेन मूळचे इंग्लंडचे. अमेरिकेत गेल्यावर १७७६ च्या आरंभी त्यांनी एक पुस्तिका लिहून तेथील लोकांना राजाची सत्ता झुगारण्यास प्रवृत्त केले. त्याच वर्षी स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला आणि १७८७ साली लिखित राज्यघटना तयार झाली. हक्क जन्मतःच मिळतात, ते कोणी मेहेरबानीने देत नाही, आणि सरकारची सत्ता लोकांकडून येते, हे त्या विचाराचे सार.

हे वाचलेल्या जोतीरावांना १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जातीवरून अपमान सोसावा लागला. पुस्तकातली समता आणि पुण्याचा रस्ता यांतले अंतर त्यांनी तेव्हा अनुभवले. त्याच वर्षी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढे या कामापायी पती-पत्नींना वडिलांचे घर सोडावे लागले.

अमेरिकेतही समता सर्वांना नव्हती. घटना झाली तरी काळ्या माणसांची गुलामगिरी चालूच राहिली. मोठ्या यादवी युद्धानंतर १८६५ साली ती घटनादुरुस्तीने बंद झाली. १८६८ च्या दुरुस्तीने तेथे जन्मलेल्यांना नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण मिळाले. त्याच १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तसेच झटावे अशी आशा व्यक्त केली.

नागरिकाचे कर्तव्य त्यांनी स्वतःही पार पाडले. १८७६ पासून १८८२ पर्यंत ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतावरील खर्चाला त्यांनी विरोध केला, तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावावा असे त्यांचे मत होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. १८८८ साली मुंबईत लोकांनी त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने लिहीत त्यांनी शेवटचा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या सुरतेलाही या परंपरेत स्थान आहे. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि दुर्गाराम मेहताजी यांनी १८४४ साली येथेच मानवधर्म सभा स्थापून जातिभेदाविरुद्ध आवाज उठवला होता. पुढे बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत शिकले. त्यांनी फुल्यांना गुरू मानले. कायद्यापुढे सर्व समान हे तत्त्व आपल्या घटनेच्या १४ व्या कलमात आहे.

आपण कामधंद्यासाठी या शहरात आलो आणि इथलेच झालो. इथे आपण मत देतो, कर भरतो, मुलांना शाळेत घालतो. पण आपल्या दारातला हौद सर्वांना खुला आहे का, हा जोतीरावांचा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. येत्या जयंतीला मुलांना ही हकीकत घरी जरूर सांगावी, ही सर्व सभासदांना विनंती.