विल्बर राईट आणि विमानाचा पंखा

विल्बर राईट यांचा जन्म अमेरिकेंत इंडियाना प्रांतीं १८६७ सालीं झाला. डेटन शहरीं धाकटे बंधु ऑर्व्हिल यांच्यासह ते सायकलींचा धंदा करीत. विमानाचे पंख त्यांनीं वायुबोगद्यांत पारखून घेतले. परंतु विमानास पुढें ढकलणारा पंखा कसा असावा, येथें मात्र गाडी अडली. आगबोटींच्या पंख्यांचें तयार गणित मिळेल ही आशा फोल ठरली. बोटी बांधणारांचा सारा कारभार अनुभवावरच चाले! तेव्हां पंखा म्हणजे गरगर फिरत पुढें जाणारा पंखच, असें मानून दोघां बंधूंनीं स्वतःच गणित मांडलें. वाद असे रंगत, कीं अखेरीस प्रत्येकजण दुसऱ्याचेंच मत उचलून धरी. मग साडेआठ फुटी दोन पंखे त्यांनीं स्प्रूस लाकडांतून हातांनीं तासले. इंजिनाची शक्ति अवघी १२ घोड्यांची. तिचा सुमारें तीनचतुर्थांश भाग हे पंखे कामीं लावीत. ती वाया दवडते, तर यंत्र जमिनीवरून उठलेंच नसतें. आजच्या ड्रोनचे चिमुकले पंखेही याच विचारानें आंखतात. १७ डिसेंबर १९०३ रोजीं किटी हॉकजवळ प्रथम ऑर्व्हिल १२ सेकंद उडाले. त्याच दिवशीं विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेले. १९१२ च्या मे महिन्यांत विषमज्वरानें विल्बर निवर्तले. वय ४५ वर्षांचें होतें.